निळा घुमट नसलेले गाव

वाचकांचे प्रश्न : प्रवास

या वेळच्या टपालात आणि ईमेलमध्ये मिळून चार पत्रे एकाच विषयावरची निघाली. ग्रीसच्या एखाद्या बेटावर जायचे आहे, पण जाहिरातीतल्या गर्दीत नव्हे, डोंगरावरच्या एखाद्या निवांत गावात. ते जमेल का, अशी चौघांचीही विचारणा आहे. नागपुरात कूलरला नवा वाळा लावायचे दिवस आले की असे विचार सुचतात, हे मी स्वानुभवाने सांगू शकते. दोन वर्षांपूर्वी अशाच एका गावी मी पाच रात्री राहून आले. त्यामुळे बाकीच्या विषयांची पत्रे पुढच्या अंकासाठी ठेवून हा सगळा स्तंभ या प्रश्नालाच देत आहे.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी भूगोलाची निवृत्त शिक्षिका आहे आणि यजमान पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आहेत. येत्या मे महिन्यात ग्रीसला जावे असे ठरते आहे. मुलगी सँटोरिनी बेटाचा आग्रह धरते, भाचा म्हणतो की तिथे पाय ठेवायला जागा नसते. आम्हाला धावपळ नको. डोंगरावरच्या एखाद्या गावात चार दिवस नुसते बसून राहायचे आहे. दोघांचेही गुडघे कुरकुरतात. कोणते गाव निवडावे, कसे पोहोचावे? आणि एक माझ्या विषयातली शंका : चहूकडे समुद्र असताना या लोकांनी गावे डोंगरावर का वसवली?
— एक वाचक, धरमपेठ

उत्तर : तुमची शंका आधी घेते, कारण तिचे उत्तर कळले की गावाची निवड सोपी होते. एजियन समुद्रातील बेटांवर शेकडो वर्षे संकट समुद्राकडूनच येत असे. चाचे रात्री किनाऱ्याला लागत आणि धान्य, जनावरे, प्रसंगी माणसेही उचलून नेत. १५३७ मध्ये उस्मानी आरमाराचा प्रमुख हैरुद्दीन बार्बारोसा याने या बेटांवर स्वाऱ्या केल्या, त्यांची आठवण तिथे अजून निघते. अशा काळात किनाऱ्यावर घर बांधणे म्हणजे घरफोड्याला पत्ता देण्यासारखे होते. म्हणून लोकांनी पाण्याचा झरा आणि थोडीफार कसण्याजोगी जमीन पाहून आत, उंचावर वस्ती केली, घरे एकमेकांना खेटून बांधली आणि गल्ल्या इतक्या अरुंद व वळणावळणाच्या ठेवल्या की परका माणूस दोन वळणांतच वाट चुकावा. रामटेकचा गड पाहिलेल्या माणसाला उंचावरच्या वस्तीचे नवल वाटायला नको. पण आपल्याकडे गडावर देव आणि राजा, गाव मात्र पायथ्याशी. तिथे शेळ्या, कोंबड्या, गाढवे आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट अख्खे गावच डोंगर चढून बसले.

आता गाव. माझे मत विचाराल तर सँटोरिनी सोडा आणि नाक्सोसला जा. सिक्लेड्स द्वीपसमूहातले हे सर्वांत मोठे बेट, सुमारे ४३० चौरस किलोमीटरचे. त्याचे मोठेपण नकाशापुरते नाही. बेटावर शेती आहे, गुरे आहेत, तिथला बटाटा आणि ग्राविएरा नावाचे चीज साऱ्या ग्रीसमध्ये नावाजलेले आहे. पाहुणा आला तर आनंद, नाही आला तरी चूल पेटते. ज्या गावाला पाहुण्यावाचून अडत नाही तेच गाव पाहुण्याला निवांत बसू देते, असे मला तिथे राहिल्यावर वाटले. सँटोरिनीचे तसे नाही. तिथे मोठमोठी क्रूझ जहाजे एकाच दिवशी हजारो माणसे उतरवतात, आणि २०२५ च्या उन्हाळ्यापासून ऐन हंगामात क्रूझ जहाजाने येणाऱ्या प्रत्येक प्रवाशाकडून २० युरो कर घेण्याची पाळी सरकारवर आली. तुमचा भाचा खोटे बोलत नाही.

नाक्सोसच्या पोटात, समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर, फानारी डोंगराच्या अंगाला अपिरान्थोस हे गाव आहे. गावकरी स्वतः त्याला अपेराथू म्हणतात. कॅलेंडरवरची पांढरी घरे आणि निळे घुमट डोळ्यांपुढे ठेवून तुम्ही तिथे पोहोचलात तर पहिला अर्धा तास हिरमोड होईल, हे आधीच सांगून ठेवते. हे गाव दगडाच्या रंगाचे आहे. व्हेनिसच्या अमलातले बुरूजवजा जुने वाडे अजून उभे आहेत, आणि पायाखाली आहे संगमरवर. आपल्याकडे संगमरवर म्हटला की देवळाचा गाभारा किंवा नव्या फ्लॅटची जाहिरात आठवते. तिथे तो गल्लीत अंथरलेला आहे आणि त्यावरून लोक बटाट्याची पोती वाहतात. शतकानुशतकांच्या पावलांनी तो मधोमध झिजून किंचित खोलगट झाला आहे, आणि सकाळी कोणी दारापुढे पाणी मारले की त्या खोलगट भागात आभाळ दिसते.

तुमच्या गुडघ्यांच्या दृष्टीने हीच गोष्ट उलटी आहे. ओला संगमरवर बर्फीच्या ताटासारखा निसरडा होतो, आणि गावात गाडी शिरत नाही. म्हणून खोली ठरवताना समुद्र दिसतो का हे विचारण्याआधी, डांबरी रस्त्यापासून दारापर्यंत पायऱ्या किती, हे विचारा. आकडा लेखी मागा. गावाच्या कडेने मोटाररस्ता जातो, त्याच्या जवळची खोली घेतलीत तर सामानाचे आणि सांध्यांचे दोन्हींचे भागेल. रबरी तळव्याचे बूट हवेत, चपला नकोत. चारचाकी बॅगेऐवजी पाठीवरची पिशवी न्या, कारण त्या चाकांचा खडखडाट दगडी गल्लीत शेवटच्या घरापर्यंत ऐकू जातो. मी स्वतः चाकांची बॅग घेऊन गेले होते. तिसऱ्या वळणावर एका आजीबाईंनी खिडकी उघडून पाहिले, काही बोलल्या नाहीत, खिडकी लावून घेतली. पुढचा रस्ता मी बॅग उचलून चालले.

चार दिवस बसून करायचे काय, असे तुम्ही विचारलेले नाही, पण यजमानांच्या मनात येईल, म्हणून सांगते. गावाच्या वाटेवर 'काफेनिओ', म्हणजे कॉफीचा ठेला, लागतो. आपल्या पानठेल्यावर जशा चार खुर्च्या आणि कायमचे सहा गिऱ्हाईक असतात, तशीच ती संस्था. फरक इतकाच की एका कपावर दोन तास बसलात तरी कोणी फडका मारत समोर येऊन उभे राहत नाही. ग्रीक कॉफी मागताना साखर आधीच सांगावी लागते, कारण ती कॉफीबरोबरच उकळतात : 'स्केतो' म्हणजे बिनसाखरेची, 'मेत्रिओ' म्हणजे बेताची, 'ग्लिको' म्हणजे गोड. छोट्या कपाबरोबर गार पाण्याचा पेला येतो. कॉफी ढवळायची नाही. गाळ खाली बसू द्यायचा, वरचे हळूहळू प्यायचे आणि तळाचे बोटभर सोडून द्यायचे. पहिल्या दिवशी मी काटकसरी स्वभावाने शेवटच्या थेंबापर्यंत प्याले, आणि दातांत अडकलेली रवाळ पूड निस्तरण्यातच माझी दुपार गेली.

यजमान पाटबंधारे खात्यातले आहेत म्हणून त्यांना आवडेल अशी एक गोष्ट. या गावाचे पोट पर्यटनाच्या कितीतरी आधीपासून खाणीवर भरत आले आहे. इथल्या डोंगरात 'स्मिरिदा' निघतो. त्यालाच आपण एमरी म्हणतो. पिठाच्या गिरणीतले जाते एमरीचे असते, पॉलिश पेपरवर तीच पूड चिकटवलेली असते. त्यातला धार देणारा मुख्य घटक म्हणजे आपला कुरुंद, जो आपल्या भंडारा जिल्ह्यातही सापडतो आणि ज्याचे युरोपीय भाषांतले नाव दक्षिण भारतातूनच तिकडे गेले. अपिरान्थोस आणि शेजारच्या काही गावांना हा दगड काढण्याचा पिढीजात हक्क होता. १९२० च्या दशकात डोंगरातून पूर्व किनाऱ्यावरच्या मुत्सूना बंदरापर्यंत हवाई दोरमार्ग उभारला गेला. पाळण्यांत भरलेला दगड दऱ्यांवरून तरंगत थेट बंदरात उतरे. पुढे घासण्याची आणि धार लावण्याची कृत्रिम पूड स्वस्त झाली, खाणींचा जोर ओसरला, दोरमार्ग बंद पडला. त्याचे पोलादी मनोरे मुत्सूनाच्या रस्त्यावर अजून उभे दिसतात. भूगोलाच्या बाईंनी आणि पाटबंधाऱ्याच्या साहेबांनी तो रस्ता टॅक्सीने एकदा तरी उतरावा.

याच गावात १९२२ मध्ये मानोलिस ग्लेझोस यांचा जन्म झाला. नाझी सैन्याने अथेन्स घेतल्यानंतर, ३० मे १९४१ च्या रात्री, अवघ्या अठराव्या वर्षी, अपोस्तोलोस सांतास या मित्राबरोबर अॅक्रोपोलिस या तिथल्या प्राचीन गडावर चढून त्यांनी स्वस्तिकाचा झेंडा उतरवला. ही हकीकत जगभर ठाऊक आहे. मला मात्र त्यांचे नंतरचे काम अधिक जवळचे वाटते. १९८६ मध्ये ते आपल्याच गावाचे प्रमुख निवडून आले आणि अधिकार स्वतःकडे ठेवण्याऐवजी निर्णय गावसभेत घेण्याचा प्रयोग त्यांनी केला. आपल्या गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाने 'आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणत ग्रामसभेतून कारभार चालवला, ते ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना या दोन गावांमध्ये समुद्र आड असल्याचे जाणवणार नाही. ग्लेझोस २०२० मध्ये, सत्त्याण्णवाव्या वर्षी वारले.

गावात लहान लहान संग्रहालये आहेत. त्यांपैकी पुरातत्त्वाचे जरूर पाहावे. संगमरवराच्या ओबडधोबड फरशांवर टोचे मारून काढलेली माणसे, जनावरे आणि होड्या तिथे आहेत. त्या सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या आहेत, पण पाहताना शाळेच्या पाटीवर मुलाने काढलेली चित्रे आठवतात.

मे महिना तुम्ही अगदी बरोबर निवडला आहे. दिवसाचे तापमान वीस ते पंचवीस अंशांच्या घरात राहते, डोंगरउतार अजून हिरवे असतात, संध्याकाळी स्वेटर लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून 'मेल्तेमी' नावाचा वारा सुटतो आणि माणसेही त्याच सुमारास सुटतात. २०२७ मध्ये जाणार असाल तर तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंथाचे ईस्टर २ मे रोजी येते हे ध्यानात ठेवा. त्या आठवड्यात अथेन्समधली माणसे आपापल्या गावी परततात, म्हणून बोट आणि खोली फार आधी ठरवावी लागेल. आपल्याकडे दिवाळीत नागपूर-पुणे गाडीचे जे होते तेच.

पोहोचण्याचे सांगते. ग्रीससाठी शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक, व्हिसा लागतो. त्यासाठी प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी आणि किमान १५ दिवस आधी अर्ज करता येतो, पण १५ दिवसांवर विसंबू नका, उन्हाळ्यात दोन-तीन महिने हाताशी ठेवा. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. मागच्या ५९ महिन्यांत शेंगेनसाठी बोटांचे ठसे दिलेले असतील तर ते सहसा पुन्हा द्यावे लागत नाहीत. नागपूरहून मुंबई किंवा दिल्ली, मग एखाद्या आखाती शहरात विमान बदलून अथेन्स, हा नेहमीचा मार्ग आहे. अथेन्स विमानतळावरून पिरेयस बंदरापर्यंत २०२२ पासून मेट्रो थेट जाते, त्यामुळे टॅक्सीवाल्याशी घासाघीस करण्याचा प्रसंग टळतो. पिरेयसहून नाक्सोसला साधी मोठी बोट पाच-साडेपाच तास घेते. जलद बोटी लवकर पोहोचवतात, पण लाटांत अधिक उडतात. पोटाची खात्री नसेल तर साधीच बरी, शिवाय तिच्या डेकवर उभे राहून एकेक बेट मागे पडताना पाहता येते. बंदरावरच बसस्थानक आहे. तिथून हाल्की आणि फिलोती या गावांवरून अपिरान्थोसला बस जाते, तासाभराचा घाट आहे. तिकीट बसमध्ये मिळेलच असे धरू नका, आधी खिडकीवर घ्या.

परतीच्या बाबतीत मात्र माझ्यासारखे करू नका. मी बेटावरून निघण्याची बोट विमानाच्या आदल्या दिवशीची ठेवली होती. त्या दिवशी सप्टेंबरातला वारा असा उठला की बंदर अधिकाऱ्यांनी एकही बोट सुटू दिली नाही; वाऱ्याचा जोर मोजण्याच्या बोफर्ट मापनावर वारा ८ च्या घरात गेला की बोटी सहसा रोखल्या जातात आणि ते योग्यच आहे. माझे विमान गेले, नवे तिकीट काढावे लागले, आणि त्या पैशांत गावात आणखी आठवडाभर राहता आले असते, हे घरी सगळ्यांनी मला आळीपाळीने सांगितले. बेटावरून दोन दिवस आधी उतरा. अथेन्समध्ये दोन दिवस घालवायला जागा पुष्कळ आहेत.

प्रश्न : आमच्या घरी पूर्ण शाकाहार आहे, अंडेही चालत नाही. अशा लहान गावात उपाशी राहण्याची वेळ तर येणार नाही ना? पंधरा दिवसांचे ठेपले आणि चिवडा न्यावा का?
— एक गृहिणी, महाल

उत्तर : चिवडा न्या, तो विमानात आणि बोटीत उपयोगी पडेल. पंधरा दिवसांचे ठेपले मात्र नेऊ नका, कारण शाकाहाराच्या बाबतीत ग्रीसचे खेडे युरोपातल्या अनेक मोठ्या शहरांपेक्षा बरे आहे, आणि त्याचे कारण त्यांच्या उपासात आहे. ऑर्थोडॉक्स पंथात ईस्टरच्या आधीचे दीर्घ उपासपर्व, नाताळापूर्वीचे चाळीस दिवस, १ ते १४ ऑगस्ट, आणि एरवी बुधवार-शुक्रवार असे उपासाचे दिवस असतात. त्या दिवसांत मांस, अंडी, दूध, चीज वर्ज्य, आणि पुष्कळ दिवस मासेही. सगळेच पाळतात असे नाही, पण स्वयंपाक सगळ्यांना येतो. त्या जेवणाला 'निस्तीसिमो' म्हणतात. हा एक शब्द पाठ करा. 'आम्ही शाकाहारी आहोत' असे सांगितल्यावर चिकनचा रस्सा गाळून देणारी माणसे जगात सगळीकडे आहेत; 'निस्तीसिमो' म्हटले की मात्र समोरच्या बाईला नेमके काय वाढायचे ते कळते. एकच मेख आहे : या उपासात माकूळ आणि शिंपल्यांसारखे बिनरक्ताचे समुद्रजीव चालतात. तेवढे वेगळे सांगावे लागेल. शाकाहारी माणसाला ग्रीक शब्द आहे 'होर्तोफागोस', म्हणजे शब्दशः पालेभाजी खाणारा; तो ऐकून वाढणारी बाई हसेल, तिचे मनावर घेऊ नका.

ही पालेभाजीच तिथली खरी मेजवानी आहे. 'होर्ता' मागितले की हंगामाची रानभाजी उकडून, ऑलिव्ह तेल आणि लिंबू घालून येते. उन्हाळ्यात ती बहुधा 'व्लिता' असते, म्हणजे आपला माठ. सॅलडमध्ये 'ग्लिस्त्रिदा' सापडली तर नीट पाहा. तीच ती घोळ, जी आपण डाळ घालून शिजवतो आणि ते कच्ची खातात. 'फावा' नावाचे पिवळे पिठले मिळते. सँटोरिनीचा नावाजलेला फावा ज्या कडधान्याचा करतात ते आपल्या लाखोळीच्याच कुळातले आहे, आणि पूर्व विदर्भात लाखोळीची डाळ खाल्लेल्या माणसाला पहिल्या घासातच घरचे काहीतरी लागते. वर कच्चा कांदा आणि तेल असते. तिखटाचे मात्र नाव नाही. सावजीच्या जिभेची माणसे बरोबर असतील तर लाल तिखटाची पुडी खिशात ठेवा. भात भरून भाजलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरची, म्हणजे 'गेमिस्ता', कधी निव्वळ भाताची असते, कधी आत खिमा असतो. तेव्हा 'होरीस क्रेआस', म्हणजे मांसाशिवाय, असे विचारून घ्यायचे.

विचारताना आणखी एक धोका आहे. ग्रीक भाषेत 'ने' म्हणजे होय. मराठी कानाला तो नकारच वाटतो. मी भरलेल्या टोमॅटोकडे बोट दाखवून 'क्रेआस?' असे विचारले, बाई प्रसन्नपणे 'ने, ने' म्हणाल्या, आणि मी निर्धास्तपणे काटा उचलला. घास तोंडात जाण्याआधी शेजारच्या टेबलावरच्या माणसाने हात हलवला म्हणून निभावले. नकाराला ते 'ओही' म्हणतात, आणि पुष्कळदा तेही न म्हणता नुसती भुवई व हनुवटी वर उचलतात. आपल्याकडे 'काय हो?' विचारताना जशी मान उडवतो, तसे. दोन-तीन दिवस सवय होईस्तोवर शब्दावरही विसंबू नका आणि मानेवरही.

चीजबाबत तुम्ही कडक असाल तर सांगणे भाग आहे : पारंपरिक चीजमध्ये दूध विरजण्यासाठी बहुधा वासराच्या जठरातले रेनेट वापरतात. नाक्सोसचे ग्राविएरा कितीही चांगले असले तरी ते तुम्हाला वर्ज्य ठरू शकते. त्याऐवजी हाल्कीला उतरून 'कुताल्यू', म्हणजे चमच्याने वाढायचा मुरांबा, खा. नाक्सोसला महाळुंगाची झाडे आहेत. आपल्याकडे संत्र्याचे जे, ते तिथे महाळुंगाचे. फळाचा मुरांबा होतो आणि पानांपासून 'कित्रो' हे मद्य गाळतात. १८९६ पासूनची एक भट्टी हाल्कीत आजही पाहायला मिळते. मद्य घेणारे कोणी असतील तर त्यांच्यासाठी : हिरवे सर्वांत गोड आणि सौम्य, पिवळे सर्वांत कडक.

प्रश्न : आमच्याकडे नाक्सोससाठी एकच दिवस आहे. सकाळी गाव, संध्याकाळी गावातूनच सूर्यास्ताचे फोटो आणि ड्रोनचे शूटिंग, असे बसवता येईल का?
— दोन मित्र, मनीषनगर

उत्तर : नाही. गाव डोंगराच्या पूर्व अंगाला आहे, तिथून सूर्य समुद्रात नव्हे, डोंगरामागे जातो, आणि लवकर जातो. सूर्यास्त हवा असेल तर बंदराजवळच्या 'पोर्तारा'पाशी थांबा. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात सुरू झालेले आणि कधीच पूर्ण न झालेले अपोलो या ग्रीक देवाचे देऊळ आहे ते. नुसती संगमरवरी चौकट उरली आहे आणि सूर्य तिच्यातून बरोबर दिसतो. कॅमेरा असलेल्या ड्रोनसाठी युरोपीय संघात चालक म्हणून आधी नोंदणी करावी लागते. नोंदणी असली तरी अपिरान्थोसच्या गल्लीवर तो उडवू नका. तिथे लोक अंगणात बसून भाजी निवडतात.

एका दिवसात पाहून येणाऱ्यांविषयी माझे मत बरे नाही, ते येथे सांगून टाकते. सहलीच्या बसगाड्या साधारण अकराला येतात आणि चारला जातात. त्या वेळात गाव दुकान होते. त्या गेल्यावर खुर्च्या दारात येतात, विणकाम बाहेर येते, शेळ्यांच्या घंटा ऐकू येऊ लागतात. ते गाव तुमच्या यादीत नाही.

प्रश्न : आमच्या सोसायटीतले आम्ही चौदा जण आहोत, बरोबर स्वयंपाकी महाराजही नेणार आहोत. सगळ्यांची सोय अशा गावात होईल का? तिथल्या घरमालकांसाठी भेट म्हणून संत्रा बर्फी नेण्याचा विचार आहे.
— एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : चौदा माणसे आणि महाराज ही अपिरान्थोसच्या मानाने लहानशी वरात होईल. गावाची कायमची वस्ती फार तर हजाराच्या आसपास आहे, खोल्या विखुरलेल्या आहेत आणि मोठे स्वयंपाकघर भाड्याने मिळण्याची आशा धरू नये. तुम्ही नाक्सोसच्या मुख्य शहरात, होरामध्ये, स्वयंपाकघर असलेली घरे घ्या आणि ज्यांना हौस आहे अशा दोन-तीन जोडप्यांनीच दोन रात्रींसाठी वर जावे. ग्रीसमध्ये उन्हाळ्यात दुपारी ३ ते ५.३० ही कायद्याने शांततेची वेळ आहे, रात्री ११ नंतरही. आपल्या महालातल्या मे महिन्यातल्या दुपारीसारखीच ती असते : दारे ओढलेली, रस्त्यावर फक्त मांजर. त्या वेळात अंताक्षरी नको. आणखी एक, थोडे संकोचाचे, पण गटप्रमुखाने आधी सांगायलाच हवे असे : तिथली सांडपाण्याची नळी अरुंद असते, म्हणून कागद संडासात न टाकता शेजारच्या डब्यात टाकायचा असतो. जेट स्प्रे बहुतेक ठिकाणी नसतो. प्रत्येकाने एक प्लॅस्टिकचा मग न्यावा आणि यावर चर्चा करू नये.

बर्फीचे अवघड आहे. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दूध आणि मांस यांचे पदार्थ आत नेण्यास मनाई आहे. खव्याची बर्फी त्या नियमात अडकते की मिठाई म्हणून सुटते, हा वाद घालण्याची जागा विमानतळ नव्हे. ताजी संत्रीही नेता येत नाहीत. फळांना वनस्पती आरोग्याचे प्रमाणपत्र लागते.

मी करवतकाठी टसरचे एक उपरणे नेले होते. अपिरान्थोसच्या बायका मागावर विणतात हे वाचले होते, म्हणून. घरमालकीणबाईंनी ते हातात घेतल्यावर आधी उलटे केले. काठाचे करवतीसारखे दाते दोन्ही अंगांनी सारखे आहेत, हे पाहून त्यांनी त्यांवरून अंगठ्याचे नख फिरवले, मग खिडकीतून शेजारणीला हाक मारली. दोघींनी उपरणे उजेडात धरले, कडेचे धागे बोटांनी मोजले, एकमेकींत काहीतरी वाद घातला. मग बाई आत गेल्या आणि पेटीतून स्वतःच्या आईने विणलेला एक जाड पांढरा पंचा काढून आणला, तो माझ्यापुढे उलटा धरला, आणि मी धागे मोजेपर्यंत थांबल्या.